थंडीत गाडी आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, बंद पडते? दोष बहुधा बॅटरीचा नाही

डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात पहाटे गारवा वाढला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये ठरलेलं निदान ऐकू येतं: "गाडी सिग्नलला बंद पडते? बॅटरी गेली." कुणी तर पेट्रोल गोठतं असंही सांगतं. त्यासाठी पारा उणे ४० च्याही खाली जावा लागेल. येऊरच्या जंगलातही ते जमायचं नाही.

बॅटरीचं मुख्य काम स्टार्टर फिरवण्याचं. इंजिन चालू झालं की वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा जनरेटर, पुरवतो. स्टार्टर जोमात फिरतो, पण अ‍ॅक्सिलरेटर सोडताच इंजिन मरतं, तर हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडल्याचा संशय आधी घ्या.

थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. किती, हे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमान सेन्सरवरून ठरवतो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. कूलंटचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच हवा. ८० अंश दिसले तर सेन्सर खोटं बोलतोय; ईसीयू इंजिन गरम समजून पेट्रोल आखडतो. चेक इंजिनचा दिवा दरवेळी लागेलच असं नाही.

आकडा बरोबर असेल तर थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतली, काजळी बघा. साफसफाईनंतर बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूला आयडलचा वेग पुन्हा शिकवावा लागतो. घाईत मेकॅनिक नेमकं तेच विसरतात. इंजिनाला जोडलेले, कडक झालेले रबरी व्हॅक्यूम पाइपही तपासा.

सीएनजीची गाडी बहुतेक वेळा पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते. त्या बदलाच्या क्षणीच बंद पडत असेल, तर गॅसचा दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि गॅस फिल्टर यांपासून सुरुवात करा.