पापणीवरची गाठ, बाहुलीतली पांढरी चमक : ओळखण्याचा इतिहास

पापणीवर गाठ आली की पहिला शब्द निघतो तो रांजणवाडी. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. शेक दिला की चार-आठ दिवसांत ती फुटते किंवा बसते. फॅमिली डॉक्टरची अडचण असते ती न बसणाऱ्या गाठीची. ही अडचण फार जुनी आहे.

सुश्रुतसंहितेने डोळ्याचे ७६ रोग मोजले, त्यांतले २१ फक्त पापणीचे. म्हणजे पापणी बारकाईने पाहिली जात होती. पण कोणती गाठ निरुपद्रवी आणि कोणती घातक, हे नुसत्या नजरेला नेहमी कळत नाही. १६६६ साली हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने पापणीतल्या तेलग्रंथींचे वर्णन केले. आज त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. ही ग्रंथी तुंबली की न दुखणारी टणक गाठ होते, तीच कॅलेझियन.

१८२७ मध्ये डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी पापणीवरच्या एका वेगळ्याच व्रणाबद्दल लिहिले. तो अतिशय सावकाश वाढतो, फारसा दुखत नाही, जवळच्या लसिकाग्रंथींत पसरत नाही आणि कापून काढल्याखेरीज बरा होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा तपासण्याची पद्धत रुळण्याआधी केलेले हे वर्णन मला आजही थक्क करते, कारण बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा रुग्ण दारात आला तर डॉक्टरने हेच आठवायचे असते. हे नाव रुळले ते पुढे बुडापेस्टच्या क्रोम्पेकर यांच्या १९०३ च्या ग्रंथामुळे. हा कर्करोग बहुधा खालच्या पापणीवर होतो : मोत्यासारखी चकाकणारी कड, मध्ये खळगा, वर धरणारी आणि पुन्हापुन्हा निघणारी खपली. दुखत नाही म्हणून रुग्ण वर्षभर येत नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात तो झाला तर आत खोबणीकडे पोखरत जातो.

त्याहून फसवा सिबेशियस कार्सिनोमा. तो त्याच तेलग्रंथींतून उगवतो, म्हणून हुबेहूब कॅलेझियनसारखा दिसतो; कधी नुसती पापणीची कड लाल राहते, कधी डोळे आल्यासारखे वाटते. फ्रेडरिक थिओडोर यांनी १९६७ मध्ये जुनाट डोळे येण्याचे सोंग घेणाऱ्या कर्करोगावर लिहिले, तेव्हापासून या फसवणुकीला ‘सोंग’ हाच शब्द चिकटला आहे. एकाच जागी पुन्हा आलेली कॅलेझियन, थेंबांनी न हटणारी एकाच डोळ्याची लाली, गाठीवरचे झडलेले पापणीचे केस : यांतले एक जरी दिसले तरी तिसऱ्यांदा मलम लिहून देऊ नये. तुकडा तपासायला पाठवावा.

डोळ्याच्या आतल्या कर्करोगाची कहाणी वेगळी, कारण तिथे पाहायलाच काही साधन नव्हते. १८०९ मध्ये स्कॉटिश शल्यविशारद जेम्स वॉर्ड्रॉप यांनी विच्छेदन करून दाखवले की लहान मुलांमधली ही गाठ दृष्टिपटलातून निघते. डोळा लवकर काढला तर मूल वाचेल, असे त्यांचे म्हणणे होते. भूल नसलेल्या काळात ते किती जणांना पटले असेल! १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांचे नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध झाले आणि जिवंत डोळ्याचा तळ प्रथमच दिसू लागला. मुलांमधल्या या गाठीला रेटिनोब्लास्टोमा हे नाव १९२६ मध्ये मान्य झाले, आणि १९७१ मध्ये ४८ रुग्णांच्या नोंदींवरून आल्फ्रेड नुडसन यांनी त्यामागे जनुकाला बसणाऱ्या दोन धक्क्यांचा सिद्धांत मांडला.

मोठ्यांच्या डोळ्यातल्या मेलॅनोमासाठी, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगासाठी, डोळा काढणे हाच बराच काळ रूढ उपाय होता. मध्यम आकाराच्या गाठीत किरणोत्सारी चकती बसवली तरी रुग्ण तितकेच जगतात, हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र साध्या दवाखान्यात करता येईल अशी तपासणी १९६२ मध्ये ब्रुकनर यांनी दिली. अंधाऱ्या खोलीत नेत्रदर्शकाचा प्रकाश दोन्ही डोळ्यांवर एकदम टाकायचा आणि बाहुलीतली लाल चमक दोन्हींकडे सारखी आहे का ते पाहायचे. वेळ लागतो अर्धा मिनिट. एका डोळ्यात ती पांढरी, फिकी किंवा नाहीशी दिसली, किंवा मूल नव्याने तिरळे पाहू लागले, तर नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात पाठवायचे. ‘फोटोत याचा एक डोळा पांढरा येतो,’ असे आई म्हणाली तरीही.