चुन्याची निवळी आणि मक्याच्या कण्या

वाळका मका घेऊन गिरणीत गेलो आणि म्हणालो, "जाडसर भरडून द्या." गिरणीवाल्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, खालीवर केले आणि विचारलं, "कोंबड्यांना का?" मला खरं तर अमेरिकेच्या दक्षिणेकडचे ग्रिट्स करून बघायचे होते. पण मागे रांग होती. "हो," म्हणालो.

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. ज्यांनी ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर खाल्ल्या आहेत त्यांना एवढ्यावरच निम्मं कळेल. मका भरडायचा, चाळून पीठ वेगळं काढायचं, कोंडा पाखडायचा आणि मागे उरलेली भरड चौपट पाण्यात मऊ शिजवायची. मूळ खाणं तिथल्या आदिवासींचं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते उचललं, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी ते रोज रांधलं, आणि आज व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत ते नाश्त्याला असतं. जॉर्जिया राज्याने तर २००२ साली ग्रिट्सना राज्याच्या अधिकृत पदार्थाचा मान दिला.

यासाठी लागणारा मका आपल्या भाजक्या कणसाचा नव्हे. तो डेंट जातीचा. त्याच्या दाण्यात दोन तऱ्हेचं पिष्ट असतं: कडेला कडक, काचेसारखं आणि मधोमध, माथ्यापर्यंत, मऊ, पिठूळ. दाणा वाळताना मऊ भाग जास्त आकसतो आणि माथ्यावर खळगा पडतो, घोड्याच्या दातासारखा. भरडताना मऊ भागाचं पीठ होतं आणि कडक भागाच्या कण्या पडतात.

दाण्याच्या बुडाशी असतो कोंब, आणि पुढची बरीचशी गोष्ट त्याचीच आहे. मक्याचं तेल कोंबात असतं. दगडी जात्यावरच्या भरडीत कोंबाचे तुकडे राहतात, म्हणून तिला मक्याचा खरा वास असतो, आणि म्हणूनच ती लवकर खवट होते. तिकडे जाणकार ती फ्रीझरमध्ये ठेवतात. कारखान्यात कोंब आधीच काढून टाकतात. तो माल महिनोन् महिने टिकतो, बारीक केला की पाच मिनिटांत शिजतो, आणि चवीला, माझ्या मते, भिजवलेल्या पुठ्ठ्याच्या जरा वर असतो. जात्यावरच्या भरडीला पाऊण तास ते तास लागतो.

शिजवताना एकच पथ्य: भरड वैरायची, एकदम ओतायची नाही. पिष्टाचे कण साधारण ६५ ते ७० अंशांना पाणी पिऊन फुगतात. भरड एकदम पडली तर गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात चिकट होतो, पाणी आत जाऊ देत नाही आणि मध्ये कोरडं पीठ अडकतं. हीच ती गुठळी. पिठल्यात बेसन वैरणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. गार झाल्यावर पिष्टाच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि पातेल्यात घट्ट थर बसतो. दक्षिणेत उरलेल्या ग्रिट्सच्या अशा वड्या कापून दुसऱ्या दिवशी लोण्यात खरपूस परततात.

खायची रीत घरोघरी वेगळी. लोणी, मीठ, मिरपूड ही पायाभूत. कुणी चीज ढवळतं, कुणी वर अर्धकच्चं अंडं फोडतं. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनच्या किनारपट्टीवर कोळंबी घालतात. मुळात ती मच्छीमारांची न्याहरी. १९८०च्या दशकात तिला हॉटेलांत मानाचं पान मिळालं. डुकराचं मांस परतलेल्या तव्यात काळी कॉफी ओतून केलेला रस्साही वर घेतात; त्याची कल्पना मला अजून पचलेली नाही. साखरेचं नाव मात्र जपून काढावं. मीठवाले साखरवाल्यांना दक्षिणेचे मानायलाच तयार नसतात.

मक्याला माणसाळवलं मेक्सिकोत, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात किंवा राखेच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवत, सकाळी साल चोळून काढत आणि मग वाटत. आपल्याकडे लहान मुलांना चुन्याची निवळी देत, तोच हा चुना. वरवर पाहता साल सुटण्याची सोय. पण मक्यातलं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, असं जखडलेलं असतं की ते आपल्या आतड्याला सुटत नाही. चुन्याचं किंवा राखेचं अल्कधर्मी पाणी ते सोडवतं. चुन्याने वर कॅल्शियमही मिळतं. असा सोललेला, फुगलेला मका म्हणजे हॉमिनी, आणि त्याची भरड म्हणजे हॉमिनी ग्रिट्स. साधे ग्रिट्स मात्र चुन्याविनाच होतात.

मका जगभर गेला, चुना मागे राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत गिरणीकामगार आणि कुळवाडी मक्याचं पीठ, काकवी आणि खारवलेली चरबी यांवर जगत होते. त्यात यंत्राने कोंबही काढला, म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं. नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. उन्हात राहणाऱ्या कातडीवर चट्टे, गळ्याभोवती हारासारखा काळपट पट्टा, जुलाब, मग वेड, मग मृत्यू. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि एक लाखाच्या आसपास माणसं गेली.

सगळे जंतू शोधत होते. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांच्या नजरेस १९१४ साली साधी गोष्ट आली: वेड्यांच्या इस्पितळांत रोगी आजारी पडतात, परिचारिका पडत नाहीत. संसर्ग असा माणूस बघून होत नाही. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर कैद्यांना, माफीच्या बोलीवर, मका, ग्रिट्स, तांदूळ, काकवी असा आहार दिला. अकरांपैकी सहांना पेलाग्रा झाला. तरी विरोधक ऐकेनात. मग पुढच्या वर्षी गोल्डबर्गर यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या खपल्या आणि मलमूत्र पिठात मळून गोळ्या गिळल्या. पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. नेमकं काय कमी पडतं हे कळण्याआधीच, १९२९ साली, ते वारले. १९३७ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड एल्व्हेजेम यांनी ते नायसिन असल्याचं दाखवलं.

हा रोग आपल्या दारातही होता. दख्खनच्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळतो हे हैदराबादेत पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी नोंदवलं आणि १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे वाद झाले. पण ज्वारीबरोबर डाळ, ताक, भाजी असेल तर धोका फारसा उरत नाही. कण्या ताकाशी खातात ते चवीसाठी, पण बरंच आहे.

अमेरिकेत १९४०च्या दशकापासून ग्रिट्समध्ये जीवनसत्त्वं मिसळू लागले. तिथे एक घरगुती अडचण आली. दक्षिणेतल्या बायका ग्रिट्स शिजवण्याआधी धुऊन घेत, तरंगणारा कोंडा काढून टाकायला. त्याबरोबर जीवनसत्त्वंही मोरीत. मग धुऊनही टिकेल असा मुलामा शोधावा लागला, आणि पाकिटावर सूचना छापावी लागली: शिजवण्यापूर्वी धुऊ नका.

माझी भरड आईने दोन पाण्यांनी धुतली. कोंडा वर आला, तो तिने ओंजळीने काढला. शिजल्यावर मी माझ्या वाटीत लोणी, मीठ, मिरपूड घातली. तिने गूळ आणि तूप.