वाळू धरते, पाणी गाठतं

बायो टॅपेस्ट्री या अकराव्या शतकातल्या लांबलचक भरतकामात उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांच्या इंग्लंडवरील स्वारीची गोष्ट आहे. त्यातच एक छोटा प्रसंग येतो. फ्रान्समध्ये माँ सँ मिशेलजवळ नदी ओलांडताना सैनिक वाळूत रुतलेत आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेला हॅरॉल्ड त्यांना ओढून काढतोय, एकाला तर पाठीवर घेऊन. हे संकट किती जुनं आणि किती ओळखीचं आहे, याचा इतका बोलका पुरावा क्वचितच सापडेल. ऑक्टोबर 1216 मध्ये इंग्लंडच्याच जॉन राजाचा सामानाचा काफिला वॉश नावाच्या उथळ आखातात वाळू आणि भरतीच्या तावडीत सापडला. काही दिवसांतच राजाही आजारपणात वारला. त्याच्या बुडालेल्या खजिन्याचा शोध लोक अजून घेतात. वाळू का रुतवते, हे मात्र फार कमी जण विचारतात.

ओल्या वाळूच्या कणांची रचना सैल असते आणि मधल्या फटींत पाणी भरलेलं असतं. पाय पडला की ती रचना मोडते आणि वाळू क्षणभर पातळ होते. मग कण खाली बसतात आणि पायाभोवती घट्ट आवळतात. डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवलं की अशा वाळूची घनता माणसाच्या जवळपास दुप्पट असते, त्यामुळे माणूस साधारण कमरेपेक्षा खोल जात नाही. डोक्यापर्यंत गिळणारी वाळू ही सिनेमातली. पण त्यांनीच मोजलेली दुसरी गोष्ट जास्त भयंकर आहे: पाय सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने उपसायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागतो. म्हणून हिसके देऊ नयेत. मागे रेलावं, वजन पसरावं आणि पाय हळूहळू हलवत भोवती पाणी शिरू द्यावं.

याला वेळ लागतो, आणि भरती वेळ देत नाही. सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून साधारण निम्मं पाणी चढतं. हजार मीटरला एक मीटर इतकाच उतार असलेल्या किनाऱ्यावर पाणी मीटरभर चढलं की त्याची कड किलोमीटरभर आत येते. माँ सँ मिशेलची भरती घोड्याच्या चौखूर वेगाने येते, ही तिथली म्हण अतिशयोक्तीचीच. पण वेगापेक्षा वाट महत्त्वाची. पाणी आधी खोलगट ओहोळांतून शिरतं, मागून वळसा घालतं, आणि पुढची वाळू कोरडी दिसत असतानाच परतीची वाट तुटलेली असते.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मोरकॅम्ब आखातात हे सगळं एकत्र आहे. तिथे उधाणाच्या वेळी पाणी सुमारे 10 मीटर चढतं. तरीही कित्येक शतकं माणसं, घोडे आणि गाड्या ओहोटी साधून हे आखात ओलांडत, कारण जमिनीवरची वाट लांबची होती. वाटाड्याची राजनियुक्ती 1548 पासून चालत आलेली. 1857 मध्ये रेल्वे आली आणि वाळूवरची वाहतूक संपत गेली. मला वाटतं, तिथेच धोका सामान्य माणसाच्या नजरेआड झाला.

5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री त्याच वाळूवर शिंपले वेचणाऱ्या किमान 21 चिनी मजुरांना भरतीने गाठून बुडवलं. अंधार, कडाक्याची थंडी, अनोळखी भाषा, आणि पाण्याची वेळ सांगणारं कोणी नाही. त्यांच्या मुकादमाला 2006 मध्ये सदोष मनुष्यवध आणि इतर गुन्ह्यांसाठी मिळून 14 वर्षांची शिक्षा झाली. मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवान्याची सक्ती करणारा कायदा 2004 मध्येच आला.

वाटाड्याचं पद आजही आहे. लोकांना आखातापलीकडे नेण्याआधी तो वाळू तपासतो आणि लॉरेलच्या फांद्या रोवून वाट आखतो. ओहोळ सतत जागा बदलत असल्यामुळे ही वाट पुन्हा पुन्हा नव्याने आखावी लागते.