३ डॉलरची रेषा आली कुठून? आपल्याकडचा आधीचा हिशोब

जून २०२५ मध्ये वर्ल्ड बँकेने अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, आणि या रेषेनेही भारतातले अतिगरीब २०११-१२ मधल्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आलेले दिसले. लगेच दोन तट पडले, गरिबी खरंच हटली म्हणणारे आणि एवढ्या पैशात भागतंच कुठे म्हणणारे. यातला डॉलर बाजारभावाचा नाही बरं का, इथल्या किमती धरून त्याचे वीसेक रुपये होतात, म्हणजे माणशी रोजचे साठेक रुपये. तेवढ्यात भागतं का, हे भांडण मात्र आपल्याकडे डॉलरच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत हिशोब मांडला. मजुरीसाठी बोटीने परदेशी धाडलेल्या कुलींना प्रवासात द्यायचं रेशन सरकारी डॉक्टरने ठरवून दिलेलं होतं, तांदूळ, डाळ, मटण, भाजी, तूप, मोहरीचं तेल, मीठ. दादाभाईंनी त्याला बाजारभाव लावले, कैद्यांवरचा खर्च पण बघितला, आणि निघालं की नुसतं जगायला प्रांताप्रमाणे माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात, आणि देशाचं सरासरी उत्पन्न माणशी २० रुपये! सरकारचेच आकडे घेऊन सरकारला पकडायचं, ही दादाभाईंची खासियत.

माझ्या मते खरी मेख १९६२ ची. तेव्हा नियोजनवाल्यांच्या एका गटाने, यात आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पण होते, माणशी महिना २० रुपये ही किमान गरज धरली, शहरात २५, म्हणजे पाच माणसांच्या घराला १०० ते १२५. पण त्यात शिक्षण आणि आरोग्याचा खर्च धरलाच नाही, कारण तो सरकार करणार होतं. सरकारने किती केला ते सगळ्यांना माहितीये, पण रेषा ओढताना हे गृहीतक पुढे कित्येक वर्षं तसंच सरकत राहिलं.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी कॅलरी पकडली. रोज २२५० कॅलरी पोटात जाणाऱ्या घराचा एकूण खर्च किती, ती रेषा. १९६०-६१ च्या भावाने गावात माणशी वर्षाला १७० रुपये, शहरात २७१, आणि गावातले ४० टक्के, शहरातले निम्मे लोक त्याच्या खाली. यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, तेही पुण्यातच, म्हणाले की एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, सरासरीला रेषा धरली तर धडधाकट माणूसही उपाशी मोजला जाईल. हा वाद बरीच वर्षं चालला, आणि अजून वाचला तरी मजा येते. सरकारने मात्र १९७९ मध्ये गावाला २४०० आणि शहराला २१०० कॅलरी ठरवल्या, मग त्या रकमेत नुसती महागाई मिळवत राहिले, त्या पैशात खरंच तेवढं खाणं येतं का हे नंतर कुणी बघेना.

प्रश्न कसा विचारता यावर पण आकडा हलतो. गरिबी मोजतात ती सरकारच्या घरखर्चाच्या सर्व्हेवरून. १९९९-२००० च्या सर्व्हेत खाण्यावरचा खर्च त्याच घरांना ७ दिवसांचा पण विचारला आणि ३० दिवसांचा पण, दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळली, आणि गरिबी २६.१ टक्के निघाली जी आधीच्या आकड्यांशी लावताच येईना, अर्थतज्ज्ञ त्यावर पुढे कित्येक वर्षं भांडले.

२००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीची दोरी सोडली आणि शाळा-दवाखान्याचा खिशातून होणारा खर्च मोजला. २००४-०५ ची गरिबी २७.५ वरून ३७.२ टक्के झाली. म्हणजे रेषा वर गेली, पण २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात तीच शहरात माणशी रोजचे ३२ आणि गावात २६ रुपये म्हणून पोचली तेव्हा लोक भडकलेच. मग २०१४ ला रंगराजन समितीने शहरात ४७ आणि गावात ३२ सुचवले, २९.५ टक्के गरीब मोजले, पण तो अहवाल सरकारने कधी स्वीकारला नाही. २०१७-१८ चा खर्चाचा सर्व्हे तर सरकारने रद्दच केला, त्यामुळे मध्ये दहा वर्षं मोकळी.

२०२२-२३ चा सर्व्हे आला तो प्रश्न विचारायची पद्धत बदलून, म्हणून २७.१ आणि ५.३ सरळ शेजारी ठेवताना जरा दमाने घ्यावं लागतं. गरिबी कमी झाली यात मला शंका नाही, किती झाली यात आहे. नीती आयोग २०२१ पासून बहुआयामी गरिबी मोजतो, पोषण, शाळा, संडास, बँक खातं असे १२ निकष लावून, पण रुपयातली नवी सरकारी रेषा काही आलेली नाही.