यकृतातल्या दुर्मीळ गाठी सुईने जाळण्यामागचा इतिहास

पोट न उघडता यकृतातली गाठ सुईने जाळण्याच्या उपचाराचं मूळ १८९१ सालात सापडतं. सेकंदाला दहा हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह शरीरातून गेला तरी स्नायूंना झटका बसत नाही, हे फ्रान्सच्या दार्सोन्वाल यांनी दाखवलं. १९२६ मध्ये बॉस्टनला कुशिंग आणि बोवी यांनी तशाच प्रवाहाने ऑपरेशनमधला रक्तस्राव थांबवला. यकृतात सुई घालून तो सोडण्याची पद्धत, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, १९९० साली अमेरिकेत मॅगॅहन आणि इटलीत रॉसी यांनी स्वतंत्रपणे मांडली. सोनोग्राफीवर सुईचं टोक दिसायला लागलं होतं, म्हणून ते जमलं.

सुरुवातीच्या सुयांनी जेमतेम दीड सेंटिमीटर भाग जळायचा. पेशी मरायला ६० अंश पुरतात, पण टोकाशी १०० अंशांच्या वर गेलं की मांस करपतं, वाफ धरते आणि तो थर वीजच अडवतो. मोठ्या आचेवरच्या भाकरीसारखं, वरून काळं, आत कच्चं. तोडगा निघाला तो आतून गार पाणी खेळवलेल्या सुईचा आणि छत्रीसारख्या उघडणाऱ्या तारांचा. जपानात पुढे आलेल्या मायक्रोवेव्हला करपण्याची अडचण फारशी येत नाही, वीज परत नेणारा पॅडही मांडीला लावावा लागत नाही.

हे सगळं तंत्र घडलं ते मुख्यतः सिरॉसिसमधल्या नेहमीच्या यकृत कर्करोगावर, आणि खरी मेख तिथेच आहे. भोवतीचं निबर यकृत उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हुरड्याच्या आगटीवर राखेची झाक असली की आर टिकतो, तसं. न्यूरोएंडोक्राइन गाठी (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या), हेमँजिओएन्डोथेलिओमा (रक्तवाहिनीच्या अस्तराची गाठ), अ‍ॅडेनोमा (यकृतपेशींची कर्करोग नसलेली गाठ) या दुर्मीळ गाठी बहुधा चांगल्या यकृतात असतात. तिथे ही झाक नाही. शेजारी तीन मिलिमीटरहून मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्याच कडेला गाठ परत उगवते. म्हणून तीन सेंटिमीटरच्या गाठीसाठी चारही अंगांनी पाच ते दहा मिलिमीटर जादा, म्हणजे चार-पाच सेंटिमीटरचा गोळा जाळावा लागतो.

न्यूरोएंडोक्राइन गाठ तापली की साठलेली संप्रेरकं एकदम रक्तात सुटून रक्तदाब कोसळू शकतो. संप्रेरकं रोखणारं ऑक्ट्रिओटाइड हे औषध आधीच द्यायचं असतं. पूर्वी ऑपरेशन करून पित्तनलिका आतड्याला जोडलेली असेल तर जळालेल्या जागी पू होण्याचा धोका बराच वाढतो. हेमँजिओएन्डोथेलिओमा बरेचदा अनेक आणि कडेला असतात. आतडं चिकटून असेल तर मध्ये पाच टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) सोडून ते दूर सारतात. रेडिओफ्रिक्वेन्सीला सलाइन चालत नाही, त्यातून वीज वाहते. अ‍ॅडेनोमात घाई नको. आधी गर्भनिरोधक गोळ्या बंद करून गाठ आकसते का ते पाहतात.

मराठवाड्यात, विशेषतः शेळ्या-मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासातल्या रुग्णात, सुई घालण्याआधी हायडॅटिड गाठ (कुत्र्यांतून येणाऱ्या कृमीची पाण्याची गाठ) नाही ना याची खात्री करावी. ती नकळत फुटली तर जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते. मग बायोप्सी. गाठ कोणती हे कळल्याशिवाय जाळण्यात अर्थ नाही.

हिंगोली किंवा धाराशिवहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्यांनी उपचाराआधीच्या सीटीची फिल्मच नव्हे, सीडीही सोबत न्यावी. महिन्याभराने पुन्हा सीटी होतो. जळालेल्या भागाभोवती पातळ, एकसारखी कड दिसली तर ती बहुधा नुसती सूज. एका बाजूला जाडसर टेंगूळ दिसलं तर गाठ उरलेली असण्याचा संशय. जुना सीटी शेजारी लावल्याशिवाय हा फरक खात्रीने सांगणं अवघड.