गिटमधल्या अवघड गोष्टी आल्या कुठून?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं आणि अनेकांचं काम जुळवणारं सॉफ्टवेअर. मुंबईतल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांची त्याच्याशी खरी गाठ पडते ती शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला. चौघांचा ग्रुप, एक बदलापूरचा, एक विरारची, एखादा दिवसा नोकरी करून रात्री कोड लिहिणारा. दोघांनी एकाच फाइलची तीच ओळ बदलली की मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जुळवताना, फाइलमध्ये <<<<<<< अशी सात चिन्हं उमटतात, खाली ======= आणि शेवटी >>>>>>>. कोड बिघडला या भीतीने काही जण सगळा फोल्डरच डिलीट करून टाकतात. खरं तर तिथे काहीच बिघडलेलं नसतं. वरचा तुकडा तुमचा, खालचा दुसऱ्याचा. हवा तो ठेवा, चिन्हं काढा, कमिट करा (म्हणजे बदलांची नोंद पक्की करा). ही चिन्हं गिटच्या कितीतरी आधीची आहेत. म्हणूनच मला वाटतं, कमांड पाठ करण्याआधी त्यांच्यामागची अडचण समजून घ्यावी.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन लिहिलं. दर वेळी अख्खी फाइल साठवण्याऐवजी फक्त बदललेल्या ओळी ठेवायच्या, ही त्यातली कल्पना. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस हे तसंच साधन केलं. दोन्हींत रीत कुलपाची होती: एकाने फाइल बदलायला घेतली की ती परत जमा होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.

हे थांबणं अॅमस्टरडॅमच्या डिक ग्रून यांना परवडेना. ते आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून एक सी कंपायलर (सी भाषेतला कोड मशीनला समजेल असा करणारा प्रोग्राम) लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा भरवसा नाही, आणि स्वतः ग्रून यांना फक्त संध्याकाळ मोकळी. कुलूप लावून एक जण घरी गेला की उरलेल्या दोघांचं काम अडायचं. म्हणून त्यांनी आरसीएसवर स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) रचल्या आणि १९८६ मध्ये त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. तेच सीव्हीएस. कुलूप नाही, ज्याने त्याने आपल्या सवडीने बदल करायचे आणि नंतर जुळवून घ्यायचे. जुळलं नाही तिथे सीव्हीएस हीच सात-सात चिन्हं टाकायचं. बदलापूर-विरारच्या ग्रुपची अडचण आणि ग्रून यांची अडचण अगदी एकच आहे. बदल असे न जुळणं, म्हणजे मर्ज कॉन्फ्लिक्ट, ही कुणाची चूक नसते. कुणी कुणासाठी खोळंबत नाही, त्याची ती किंमत आहे, आणि ती स्वस्त आहे.

सीव्हीएसमध्ये आणि २००४ मध्ये १.० आवृत्तीला पोचलेल्या सबव्हर्जन या तशाच साधनामध्येही सगळा इतिहास एका सर्व्हरवर असे. नेटवर्क गेलं की कमिट बंद.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम २००२ पासून बिटकीपर या व्यावसायिक सॉफ्टवेअरवर चालत होतं. त्याचा फुकट वापर २००५च्या एप्रिलमध्ये थांबला आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच साधन लिहायला घेतलं. ३ एप्रिलला सुरुवात, आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता. जुलैपासून त्याची देखभाल जुनियो हमानो यांच्याकडे आली.

पण हे लिहिलं गेलं ते ईमेलने येणारे ढीगभर पॅच (कोडमधले बदल) हाताळणाऱ्यांसाठी, नवशिक्यांसाठी नव्हे. त्याच्या खुणा अजून आहेत. पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो, म्हणून कमिट आणि पुश (कमिट सर्व्हरवर पाठवणं) वेगळे. लोकल ट्रेनमध्ये रेंज गेली तरी लॅपटॉपवर कमिट होतंच, पुश घरी गेल्यावर करता येतं. कमिटआधी अॅड ही कमांड लागते, कारण केलेल्या बदलांतून कुठले घ्यायचे ते तुम्ही निवडता. कमिटचं चाळीस अक्षरांचं नाव त्यातल्या मजकुरावरूनच काढलेलं असतं. मजकूर बदलला की नावही बदलतं.

नवशिक्यांकडे लक्ष हळूहळू गेलं. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ-धड्यांच्या उपक्रमात गिटची मालिका आहे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर आपली टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) ठेवून शिकायची ही पद्धत मला फार पटते. एक मात्र सांभाळा: चेकआउट ही एकच कमांड ब्रँचही (कामाची वेगळी शाखा) बदलायची आणि फाइलमधले बदलही पुसायची, त्यात अनेकांचं लिहिलेलं गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ आवृत्तीपासून या दोन कामांना स्विच आणि रिस्टोर अशा वेगळ्या कमांड आहेत. हातातल्या नोट्स त्याआधीच्या असतील तर त्यांत जुनंच चेकआउट दिसेल. चालतं तेही, पण सुरुवात स्विचपासून करा.