परग्रहाच्या चंद्राचा ‘फोटो’

“दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाला चंद्र सापडला, हा पाहा त्याचा फोटो!” असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. सूर्यमालेबाहेरचे पाच हजारांहून अधिक ग्रह माहीत आहेत, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिकच आहे. पण निर्विवादपणे सिद्ध झालेला असा एकही चंद्र अजून नाही. आहेत ते फक्त दावेदार.

अडचण आकाराची आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, आणि बहुतेक ग्रह असेच सापडले. सूर्यासारख्या ताऱ्याचा सुमारे १ टक्का प्रकाश गुरूएवढा ग्रह अडवतो. पृथ्वीएवढा ग्रह बारा हजारांतला एक भाग. आपल्या चंद्राएवढा चंद्र? साधारण एक लाख साठ हजारांतला एक! ताऱ्यावरचे डागसुद्धा याहून मोठा फरक पाडतात. चंद्राच्या ओढीने ग्रहाची ताऱ्यासमोरून जाण्याची वेळ थोडी मागेपुढे होते, हा दुसरा पुरावा. मात्र शेजारचा एखादा ग्रहही तेच करू शकतो. म्हणून एका गटाला दिसलेला चंद्र त्याच नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या गटाला दिसत नाही, असं घडलं आहे.

मग फोटोचं काय? मूळ चित्राखालची ओळ शोधा. बहुधा ‘कलाकाराची कल्पना’ असं लिहिलेलं असतं, फॉरवर्डमध्ये तेवढंच गळतं. परग्रहांची खरी छायाचित्रं म्हणजे प्रकाशाचे ठिपके. त्यांत खड्डे, डोंगर, ढग दिसत नाहीत. पीडीएस ७० या ताऱ्याच्या एका ग्रहाभोवती धुळीची चकती मात्र खरोखर टिपली गेली आहे, आणि तिच्यातून पुढे चंद्र घडू शकतात.